ठिणगीची वेळ कोणी ठरवायची?

1985 साली औरंगाबादजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजला बजाज ऑटोच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. उजाड माळावर अवघ्या 16 महिन्यांत उत्पादन सुरू झाले होते आणि पुढच्याच वर्षी बजाजच्या एम-80 आणि कावासाकी बजाज केबी-100 या गाड्या बाजारात उतरल्या. त्यानंतर 16 वर्षांनी, 2001 मध्ये, शहराच्या दुसऱ्या अंगाला जालना रस्त्यावर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळू लागली. या दोन तारखांच्या मधल्या काळात पेट्रोल इंजिनाच्या पोटात एक मोठे सत्तांतर घडले. सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी कधी पडावी, हा निर्णय मेकॅनिकच्या पेचकसातून निघून एका चिपच्या हाती गेला. या बदलाची गोष्ट सहसा तंत्रज्ञानाच्या प्रगतीची म्हणून सांगितली जाते: चिप निघाली, स्वस्त झाली आणि ओघानेच इंजिनात शिरली. पुरावे मात्र वेगळे काही सांगतात. चिप इंजिनासाठी तयार होती ती 1977 पासूनच. आपल्या रस्त्यांवर ती आली ती धुराचा कायदा आणि पेट्रोलचा भाव यांनी दुसरी वाट शिल्लक ठेवली नाही तेव्हा. या दोहोंत कायद्याचा वाटा मोठा होता, असे माझे म्हणणे आहे.

आधी मुळात ठिणगीच्या वेळेचे एवढे महत्त्व का, ते पाहायला हवे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटले की क्षणार्धात भडका उडतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात ज्योत सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो. हा वेळ मिलिसेकंदांत मोजावा लागतो, पण इंजिनाच्या लेखी तो मोठा असतो. क्रँक मिनिटाला 1000 फेरे घेत असेल तर एका मिलिसेकंदात तो 6 अंश फिरतो. 3000 फेऱ्यांना 18 अंश आणि 6000 फेऱ्यांना 36 अंश. पिस्टन सर्वांत वरच्या टोकाला पोचून खाली वळल्यावर, साधारण 15 अंशांच्या आसपास, दाब कमाल व्हावा म्हणजे त्या दाबाचे जास्तीत जास्त काम पदरात पडते. तेवढ्यासाठी ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पाडावी लागते. यालाच टायमिंग ॲडव्हान्स करणे म्हणतात. ॲडव्हान्स कमी पडला तर ज्वलन रेंगाळते, ताकद सायलेन्सरमधून वाया जाते आणि इंजिन तापते. जास्त झाला तर वर चढणाऱ्या पिस्टनलाच उलटा दाब बसतो, उरलेले मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकू लागते, आणि हे ठोकणे लांबले तर पिस्टनला भोक पडू शकते. योग्य कोन एकच असता तर तो एकदा बसवून मोकळे होता आले असते. पण तो वेगाबरोबर बदलतो, भाराबरोबर बदलतो, इंजिन थंड आहे की गरम त्यावर बदलतो आणि पेट्रोलच्या ऑक्टेनवरही बदलतो. सगळी अडचण इथे आहे.

ही अडचण सोडवण्याची जुनी रीत पॉइंटची. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जोडणी बसवली आणि पुढची साठ-सत्तर वर्षे जगातल्या बहुतेक मोटारी तिच्यावरच चालल्या. धातूची दोन छोटी टोके एकमेकांना टेकलेली असतात. फिरणारा कॅम ती उघडतो. उघडल्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगवर ठिणगी पडते. मोटारीत हे सगळे डिस्ट्रिब्युटरमध्ये असे आणि तिथेच दोन वजने व स्प्रिंगा वेग वाढला की टायमिंग पुढे सरकवत, तर एक पडदा इनटेकमधल्या ओढीनुसार ते मागेपुढे करी. दोन-स्ट्रोक स्कूटरींत बहुधा तेही नसे. मॅग्नेटच्या आतली प्लेट ज्या कोनावर घट्ट केली तोच कोन, गाडी उभी असो की चढावर. पॉइंटची फट साधारण 0.4 मिलिमीटर. मेकॅनिक फिलर गेजची पाती त्या फटीतून सरकवायचा, पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे, मग स्क्रू आवळायचा, आणि आवळताना फट पुन्हा हलली तर पहिल्यापासून सुरुवात. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजत गेला की फट कमी होई, पॉइंट उशिरा उघडत आणि टायमिंग आपोआप मागे पडे. टोकांवर काजळी धरे, खड्डा पडे. म्हणजे गॅरेजातून अचूक लावून नेलेली गाडी त्याच दिवसापासून हळूहळू बिघडायला लागे, आणि मालकाला ते पिकअप गेल्यावर किंवा पेट्रोल जास्त पिऊ लागल्यावर कळे. मेकॅनिकचे कौशल्य खरे होते, पण ज्या गोष्टीवर ते खर्च होत होते ती गोष्ट टिकणारी नव्हती.

या रीतीला पर्याय कुठे आणि का निघाला, हे पाहिले की माझ्या मुद्द्याचा पहिला पुरावा मिळतो. अमेरिकेत 1970 मध्ये हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि 1975 मध्ये मोटार कंपन्यांवर सरासरी मायलेजचे बंधन आले. त्याच सुमारास नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारी जाळी, लागू लागले. मायक्रोप्रोसेसर 1971 पासून बाजारात होता, पण जनरल मोटर्सने तो ठिणगीच्या कामाला लावला तो 1977 च्या ओल्डस्मोबिल टोरोनॅडोमध्ये. या योजनेचे नाव होते मायसार. दोनच वर्षांनी जर्मनीत बॉशने मोट्रॉनिक आणले, ज्यात पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची हे दोन्ही निर्णय एकाच संगणकाकडे आले. ते पहिल्यांदा बीएमडब्ल्यूच्या गाडीत बसले. कमी धूर आणि कमी पेट्रोल या दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या तर वजने आणि स्प्रिंगा पुरेशा नाहीत, हे अभियंत्यांना आकड्यांनी पटवून दिले होते. स्प्रिंगला फक्त वेग कळतो. इंजिनाचे तापमान कळत नाही आणि धुरात काय चालले आहे तेही कळत नाही.

आता त्याच वर्षांतला भारत पाहा. 1977 मध्ये तयार झालेले तंत्र 1985 च्या वाळूजच्या कारखान्यात सहज पोचू शकले असते. ते पोचले नाही, कारण मागणारे कोणी नव्हते. गाडीसाठी नंबर लावून थांबणाऱ्या ग्राहकाला गाडी मिळणे हेच मोठे होते, आणि धुराला मर्यादा घालणारे देशव्यापी नियमच नव्हते. पेट्रोल गाड्यांच्या धुरातले घटक ग्रॅममध्ये मोजणारे पहिले नियम 1991 मध्ये आले, ते तसे सैलच होते. 1996 मध्ये दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला 4.5 ग्रॅम झाली, 2000 मध्ये ती 2 ग्रॅमवर आली, 2005 मध्ये दीड आणि 2010 मध्ये 1 ग्रॅम. न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांची बेरीजही 3.6 वरून त्याच टप्प्यांनी 1 ग्रॅमवर उतरली. 2000 च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा मार्ग मोकळा झाला, कारण शिसे त्या जाळीला निकामी करते. बजाजची चार-स्ट्रोक कॅलिबर 1998 मध्ये वाळूजमधून बाहेर पडली, दोन-स्ट्रोक दुचाकींचा काळ ओसरत गेला आणि मारुतीच्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेले ते याच वर्षांत. नियमांच्या पायऱ्या आणि इंजिनांतल्या बदलांच्या तारखा शेजारी मांडल्या तर त्या इतक्या जवळ येतात की त्याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

शेंद्र्याला जुळू लागलेली पेट्रोल ऑक्टाव्हिया म्हणजे या शहरात आलेला संगणकी ठिणगीचा पुरता नमुना. डिझेल ऑक्टाव्हियाला अर्थातच प्लगची ठिणगी लागत नाही. पेट्रोल इंजिनाच्या क्रँकवर 60 दातांचे चाक असते आणि त्यातले लागोपाठचे दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. दर दात म्हणजे 6 अंश. समोरचा सेन्सर दात मोजत राहतो आणि रिकामी जागा आली की संगणकाला पिस्टनचा ठावठिकाणा लागतो. आत येणारी हवा, थ्रॉटल, पाण्याचे तापमान यांचे वेगळे सेन्सर. संगणकाच्या स्मृतीत एक तक्ता असतो, आडवा वेगाचा, उभा भाराचा, आणि प्रत्येक घरात ठिणगीचा कोन. दोन घरांच्या मधला वेग असेल तर संगणक मधला आकडा काढतो. मग तापमानाची दुरुस्ती. मग कॉइल भरायला लागणारे काही मिलिसेकंद उलटे मोजून प्रवाह केव्हा सुरू करायचा ते ठरते. सिलिंडरच्या ठोकळ्यावर एक नॉक सेन्सर घट्ट बसवलेला असतो. इंजिन ठोकू लागले की धातूतून जाणारी विशिष्ट कंपने तो टिपतो, संगणक टायमिंग लगेच दोन-तीन अंश मागे घेतो आणि पुढे सारे शांत राहिले तर ते हळूहळू पूर्ववत करतो. यातल्या एका गोष्टीकडे माझा विशेष रोख आहे. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही सेकंदे संगणक ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो. त्याने ताकद कमी होते, पेट्रोल थोडे जास्त जाते, चालकाच्या पदरात काहीच पडत नाही. फक्त धूर जास्त गरम निघतो आणि कन्व्हर्टर लवकर तापून कामाला लागतो. कुठल्याही मेकॅनिकने, कुठल्याही मालकाने आपल्या गाडीचे टायमिंग असे लावून घेतले नसते. ही वेळ फक्त रस्त्यावरच्या इतर माणसांच्या श्वासासाठी ठरवलेली आहे, आणि ती फक्त कायदाच ठरवून घेऊ शकतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप बजाजच्याच इतिहासातून निघतो. 2003 मध्ये बजाजने पल्सरला डीटीएस-आय तंत्र दिले: एका सिलिंडरला दोन प्लग आणि ठिणगीची वेळ ठरवायला 8 बिटांचा मायक्रोप्रोसेसर असलेले डिजिटल सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र. दोन्ही बाजूंनी ज्योत पसरत असल्याने तिला कमी अंतर कापावे लागते, मिश्रण पातळ असले तरी ते नीट जळते. शिवाय थ्रॉटल किती उघडा आहे ते पाहून सीडीआय वेगळे टायमिंग निवडते. हे सगळे मायलेज आणि पिकअप विकण्यासाठी होते, त्यात कायद्याचा संबंध काय, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे अर्धे उत्तर मी मान्य करतो. महाराष्ट्रातला दुचाकीवाला लिटरमागे किलोमीटर मोजतो आणि त्याच्या या हिशेबाने चिप आत ओढली, यात शंका नाही. या तंत्राची बाजारातली किंमत इतकी होती की 2007 मध्ये टीव्हीएसच्या फ्लेमवरून पेटंटचा वाद उभा राहिला, मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि अखेर 2019 मध्ये तडजोडीने मिटला. पण डीटीएस-आय आले ते 2000 आणि 2005 च्या नियमांच्या मधोमध, आणि पातळ मिश्रण जाळण्याची क्षमता मायलेजइतकीच धुराच्या आकड्यांच्याही कामी आली. बाजाराने कायद्याने घालून दिलेल्या हद्दीतच आपला फायदा शोधला.

बाजार एकटा असता तर काय झाले असते, हे सांगणारा दाखलाही त्याच कंपनीत आहे, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. 2007 मध्ये बजाजने पल्सर 220 फ्युएल इंजेक्शनसह आणली. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही संगणकाच्या हाती होते. गाडी महाग पडली. 2009 मध्ये तीच गाडी कार्ब्युरेटरसह परत आली, स्वस्त झाली आणि जोरात खपली. म्हणजे उपलब्ध असलेले, सिद्ध झालेले, स्वतःच्याच कारखान्यात बसवलेले तंत्र कंपनीने बाजारासाठी मागे घेतले आणि कार्ब्युरेटरची ती गाडी तेव्हाच्या नियमांत बसलीही. 2020 च्या 1 एप्रिलपासून भारत स्टेज 6 लागू झाले आणि त्याच पल्सर 220 ला पुन्हा इंजेक्शन बसवावे लागले. रिक्षाची गोष्टही याच्या जवळची आहे. वाळूज हे बजाजच्या तीनचाकींचे मोठे केंद्र. दोन-स्ट्रोक रिक्षात ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच धुराबरोबर बाहेर निसटतो. 2007 मध्ये कंपनीने ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटलचे तंत्र घेऊन जीडीआय रिक्षा आणली. तिच्यात धुराचे दार बंद झाल्यावरच पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाई आणि त्याच्या मागोमाग ठिणगी पडे. महिन्याकाठी पेट्रोलचा हिशेब करणाऱ्या रिक्षावाल्यासाठी केलेली ही खटपट होती, पण तिचे प्रयोजन निर्माण झाले ते दोन-स्ट्रोकच्या धुराविरुद्ध तेव्हा उभ्या राहिलेल्या नियमांमुळे.

दुसरा आक्षेप जास्त माणुसकीचा आहे आणि त्याला झटकून टाकता येत नाही. पॉइंट घासून गाडी सुरू करणारा गॅरेजवाला आज स्कॅनरवाचून आंधळा झाला, गाडीचा मालक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बांधला गेला आणि पन्नास पैशांच्या दोषासाठी इंजिनाचा अख्खा संगणक बदलायची वेळ आली, असे म्हटले जाते. यातली तक्रार खरी आहे. निष्कर्ष मला पटत नाही. पॉइंटच्या काळात दोष दिसत होता म्हणून तो दुरुस्त होत होता, हे बरोबर, पण दर काही हजार किलोमीटरला तो पुन्हा येत होता आणि दरम्यानचा धूर कोणीच मोजत नव्हता. आज एखादा प्लग ठिणगी चुकवू लागला तर क्रँकच्या वेगातला बारीक हिसका मोजून संगणक ते ओळखतो आणि दिवा लावतो. हे ओळखणे महत्त्वाचे, कारण न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटले तर त्याची जाळीच वितळते. ज्ञान नाहीसे झालेले नाही. ते कुलपात गेले आहे. ते कुलूप कंपनीने घातलेले आहे, चिपने नव्हे. ज्या कायद्याने गाडीत संगणक बसवायला लावला, त्याच कायद्याने त्या संगणकाची भाषा गल्लीतल्या गॅरेजलाही वाचता येईल अशी सोय करायला हवी. केंद्र सरकारने 2022 च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचा समावेश केला. ही सुरुवात आहे, सक्ती नाही. हवेच्या बाबतीत नुसत्या सुरुवातीने काही हलले नाही, हे वरच्या सगळ्या तारखा सांगतात. दुरुस्तीच्या बाबतीत वेगळे घडेल असे मानायला आधार नाही.

या इतिहासाचा संभाजीनगरशी असलेला संबंध केवळ इथे कारखाने आहेत एवढाच नाही. या शहराने चार दशकांत धातूची विद्या कमावली. वाळूज आणि चिकलठाण्यात सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या वाढल्या, इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे आणि डाय बनवणाऱ्या मुलांच्या पिढ्या तयार झाल्या. पण ठिणगीचे मोल आता धातूत कमी आणि त्या तक्त्यातल्या आकड्यांत जास्त आहे. हे आकडे टेस्ट बेंचवर इंजिन तासन्तास चालवून, धुराचा प्रत्येक घटक मोजून भरले जातात आणि हे काम आजवर मुख्यतः पुण्यात किंवा परदेशात झाले. इथे गाडी जुळते. तिने कसे वागायचे ते दुसरीकडे ठरते. देशभर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, उष्णता कमी, त्यामुळे मिश्रणाचे प्रमाण आणि टायमिंग दोन्ही नव्याने बसवावे लागतात. ऊस आणि मका पिकवणाऱ्या मराठवाड्याला या इंधनाचे गणित शेतापासून सिलिंडरपर्यंत जवळचे आहे. विजेच्या गाड्यांत ठिणगीच नाही, पण मोटरच्या कुठल्या वेढ्यात कुठल्या अंशाला किती प्रवाह सोडायचा, हा तिथलाही प्रश्न वेळेचाच आहे आणि उत्तर पुन्हा तक्त्यातच आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण देणारी नाइलिट ही संस्था शहरात आहेत. आयटीआयपासून या संस्थांपर्यंत कॅलिब्रेशनचे, म्हणजे ते आकडे मोजण्याचे आणि भरण्याचे, शिक्षण उभे करणे ही आता शहराची गरज आहे. चिप इंजिनात आपल्या पायांनी चालत आली नाही. नियमाने तिला आणले, मायलेजच्या हिशेबाने तिला थारा दिला. म्हणून नव्या नियमाच्या मसुद्याची वाट पाहत बसणाऱ्या शहराला दर वेळी दुसऱ्याने भरलेला तक्ता मिळेल, आणि तो नियम येण्याआधीच मोजमापाला लागणारे शहर तक्ता स्वतः भरेल.